गोळीची भूक

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मी वर्ध्याला बहिणीकडे पोचलो, तेव्हा भाचा नुकताच लाकडी बैल फिरवून आला होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकांवरचा लाकडी नंदी सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा, आणि दारातल्या बाईनं नंदीला ओवाळून पोराच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवायचे. भाचा अकरा वर्षांचा. स्वमग्न आहे. बोलतो थोडं, पण स्टेशनवरची घोषणा अख्खी म्हणून दाखवतो. त्यानं पिशवीतला खाऊ चटईवर ओतला होता आणि बहीण तो निवडत होती, तांदळातले खडे निवडावेत तसा. चॉकलेटं एका बाजूला, बिस्किटांचे पुडे दुसऱ्या, करंज्या ताटलीत. मी माझ्या शबनममधून गोरसपाकाचा पुडा काढला.

तिनं पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "भाऊ, तू पण नंदी घेऊन निघाला होतास काय रे?"

गोरसपाक म्हणजे वर्ध्याची ओळख. गाईच्या तुपातलं, तोंडात टाकताच विरघळणारं बिस्किट. सेलूहून बसनं उतरलो की दर शनिवारी एक पुडा घेऊनच मी तिच्या दारात उभा राहतो, ही आमची जुनी रीत. त्या दिवशी मात्र पुडा तसाच ओट्यावर राहिला.

भाच्याच्या गोळ्यांवरून वाद मीच काढला. निवृत्त मास्तर आहे, गप्प बसणं जमत नाही. शिवाय आठवड्यातून एकदा सेवाग्रामला संध्याकाळच्या प्रार्थनेला जाणारा माणूस. औषधांचं मला एकूणच वावडं.

"या गोळ्या आता बंद कर," मी म्हणालो. "दीड वर्षात पोरगं ओळखू येईना झालं."

"दीड नाही, चौदा महिने." तिनं फळीवरून अंगणवाडीचं जुनं रजिस्टर काढलं. मागची कोरी पानं तिनं आखून घेतली होती. तारीख, वजन, उंची, कमरेचा घेर, शेरा. "सुरू केली तेव्हा अंदाजे २७ किलो. आज ३८. या वयाचं पोट्टं वर्षाला तीनेक किलोनं वाढतं. म्हणजे बाकीचं सगळं गोळीचं."

बहीण अंगणवाडी सेविका आहे. महिनाभर दुसऱ्यांची लेकरं काट्यावर उभी करणं हाच तिचा धंदा. तिथं वजन वाढलं की सगळे खूश. तीव्र कुपोषितच्या रकान्यातलं लेकरू मध्यममध्ये आलं की आई पेढे वाटायला निघते. तिच्याच घरात हा काटा उलटा फिरायला लागला.

"आणि मजा सांगू?" ती म्हणाली. "पहिले तीन-चार महिने आम्ही आनंदात होतो. सासूबाई म्हणायच्या, आता कसं अंगाला लागलं. शेजारीण म्हणायची, बाळसं धरलं. दहा वर्षांचं पोट्टं आणि बाळसं! तूच म्हणाला होतास, गाल कसे भरलेत."

म्हणालो असेन.

"रोज माझ्या हातात काटा होता, भाऊ. घरच्या लेकराला त्यावर उभं केलं नाही. शर्टाची बटणं लागेनात तेव्हा केलं. गोळी लिहून देणाऱ्यानंही पहिल्या दिवशी काटा दाखवला नाही. नंतरच्या डॉक्टरनी सांगितलं, सुरू करायच्या आधी वजन, कंबर, उपाशीपोटीची साखर, चरबी, सगळं बघून ठेवायचं असतं. मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला पुन्हा वजन. पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे."

नंतर पुतण्याकडून मी इंग्रजीतलं वाचून घेतलं. २००२ साली अमेरिकेत १०१ स्वमग्न मुलांवर भाच्याच्या याच गोळीचा, रिस्पेरिडोनचा, अभ्यास झाला होता. आठ आठवड्यांत खरी गोळी घेणारी मुलं सरासरी २.७ किलोनं वाढली, खोटी गोळी घेणारी ०.८ नं. पण त्याच अभ्यासात मुलांचं चिडणं, मारणं, स्वतःला इजा करणं निम्म्याहून कमी झालं होतं. २००६ मध्ये तिकडे या कारणासाठी औषधाला मान्यता मिळाली. म्हणजे गुण आणि अवगुण एकाच कागदावर, पहिल्यापासून लिहिलेले होते.

"स्वमग्नता बरी होते का पण त्यानं?" मी विचारलं.

"नाही. कोणी तसं म्हटलंही नाही. त्यानं डोकं आपटणं थांबतं." तिनं रजिस्टर मिटलं. "या भिंतीला काय होतं, विसरलास?"

विसरलो नव्हतो. त्या कोपऱ्यात तेव्हा गादी बांधलेली असायची. रात्री तीन-तीनपर्यंत ती आणि तिचा नवरा आळीपाळीनं जागायचे. पोराच्या हातावर त्याच्याच दातांचे वण होते. गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदा तो शाळेत अर्धा तास एका जागी बसला, त्या दिवशी तिनं मला फोन केला होता आणि फोनवर काहीच बोलली नव्हती, नुसती रडली होती.

तरी मी माघार घेतली नाही. मास्तर ना. म्हणालो, "झोप हवी हे कबूल. पण वजनाचा प्रश्न गोळीचा नाही, जिभेचा आहे. आपण ज्या मातीत राहतो तिथं अस्वाद हे व्रत मानलं गेलं. एकादश व्रतांतलं एक. चवीसाठी नाही, शरीराला लागेल तेवढंच खायचं. गांधीजींनी मगनवाडीत १९३५ च्या सुमाराला सोयाबीनचे प्रयोग केले, ते याचसाठी. मुलाला लहानपणापासून—"

"थांब." ती क्वचित मला तोडते. "व्रत घ्यायला घेणारा लागतो ना रे? तू घेतलंस, तू पाळ. दुसऱ्याच्या तोंडाला लावलं की त्याला व्रत नाही म्हणत, कुलूप म्हणतात."

(सोयाबीनचं जाता जाता सांगतो. आज जिल्हाभर सोयाबीन उभं आहे, पण ते तेलाच्या कारखान्याला जातं. आमच्या ताटात त्याचं तेल येतं, दाणा येत नाही. अस्वादाची ही वेगळीच तऱ्हा.)

"आणि त्याला खादाड म्हणू नको," ती म्हणाली. "तू मागच्या वेळी म्हणालास. जेवून उठतो, हात धुतो, आणि पाव तासात परत डब्यापाशी. तुला वाटतं लाड. डॉक्टरनी मला चित्र काढून दाखवलं. ही गोळी डोक्यात ज्या ज्या दारांवर जाऊन बसते, त्यातली दोन दारं पोट भरल्याचा निरोप यायची आहेत. ती बंद. मग निरोप येणार कुठून? त्याच्या पोटात अन्न आहे, पण त्याला ते कळतच नाही. ती भूक खरी आहे, भाऊ. तुला एकादशीला संध्याकाळी लागते ना, तशी. फक्त त्याची एकादशी रोज असते."

यावर मला काही सुचलं नाही. मग जे सांगायचं नव्हतं तेच तोंडून गेलं.

"मे महिन्यात तो सेलूला माझ्याकडे होता," मी म्हणालो. "तेव्हा मी चार दिवस गोळी दिली नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"स्ट्रिपमध्ये चार उरल्या होत्या."

पहिले दोन दिवस काही झालं नाही आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांवर मात केली होती. तिसऱ्या रात्री तो झोपलाच नाही. अंगणात येरझारा घालत एकच वाक्य म्हणत राहिला, गाडी उशिरानं धावत असल्याचं. पाचव्या दिवशी दुपारी, ४५ अंशांच्या उन्हात, त्यानं विहिरीच्या कठड्यावर कपाळ आपटलं. मी त्याला मिठी मारून धरला तेव्हा माझ्या मनगटाला चावला. ती खूण अजून आहे. त्या रात्री मी गुपचूप गोळी दिली. बहिणीला सांगितलं, पडला म्हणून कपाळाला लागलं.

"चार महिने गप्प बसलीस?"

"तू किती दिवस गप्प बसतोस ते बघत होते." मग जरा नरमाईनं म्हणाली, "तुझं एक खरं आहे. आयुष्यभर नाही द्यायची. दर सहा महिन्यांनी डॉक्टरला विचारायचंच, अजून लागते का, कमी होते का. या दिवाळीनंतर थोडी थोडी उतरवून बघू म्हणाले आहेत. पण हळूहळू, लिहून ठेवत. एकदम बंद नाही. आणि झटक्यांची गोळी असली तर मनानं बंद करायचा विचारही नाही करायचा, फिट थांबेनाशी होऊ शकते मग."

"दुसरी गोळी नाही का, वजन न वाढवणारी?"

"अ‍ॅरिपिप्राझोल आहे. काही लेकरांना तिनं कमी वाढतं. वाढतच नाही असं नाही. याला ती आधी दिली होती, त्यानं तो जास्तच अस्वस्थ झाला. गोळी म्हणजे काय साडी आहे, नाही आवडली तर बदलून आणली?"

मग मेटफॉर्मिनचा विषय निघाला, आणि इथं आमचं अजूनही जुळलेलं नाही. साखरेच्या आजाराची गोळी, साखर नसलेल्या पोराला! एका गोळीनं केलेलं निस्तरायला दुसरी, दुसरीचं निस्तरायला तिसरी; याला अंत कुठं? मी हे तिला जरा चढ्या आवाजात विचारलं.

"मलाही पटलं नव्हतं," ती म्हणाली. "तीन महिने नाही म्हणत होते. मग मान दिसली."

भाच्याची मान मागून काळी पडली होती. तिला वाटलं मळ. दिवाळीच्या अभ्यंगाला तिनं उटणं लावून घासली, नंतर बेसन-दही लावून, नंतर नारळाच्या शेंडीनं. पोर ओरडत राहिलं. मान लाल झाली, काळेपणा गेला नाही. डॉक्टरांनी एकदा कॉलर मागे केली आणि म्हणाले, हा मळ नाही, आत इन्शुलिन वाढल्याची खूण आहे.

"मी घासत होते, भाऊ. रडत होता, मी घासत होते."

ती उठून आत गेली. चहा ठेवला असावा. मी आणि भाचा तिथंच बसलो. तो नंदीचं चाक बोटानं फिरवत होता.

बाहेर आली तेव्हा तिनं सांगितलं, की २०१६ साली साठेक स्वमग्न मुलांवर या मेटफॉर्मिनचा अभ्यास झाला, सहा ते सतरा वयाच्या, सगळी अशाच गोळ्यांवर असलेली. सोळा आठवड्यांत वजनाला लगाम बसला. काहींना जुलाब झाले, पोट बिघडलं. चमत्कार नाही. "मी डॉक्टरना विचारलं, किती किलो उतरतील? ते म्हणाले, उतरवायचेच नाहीत. वाढत्या पोराला उपाशी ठेवून वजन नाही उतरवायचं. आहे तिथं धरून ठेवायचं, उंची वाढू द्यायची." तिनं दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथं पेन्सिलीच्या रेघा होत्या, शेजारी तारखा. "मागच्या तीन महिन्यांत वजन चारशे ग्रॅम, उंची दीड सेंटिमीटर. डॉक्टरांकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यावर तो अजून वरच्या रेघेच्या वर आहे. पण रेघेपासून लांब चालला होता, तो आता लांब जात नाही."

मी म्हणालो, हे गोळीनं झालं की तुझ्या स्वयंपाकानं, कसं सांगणार?

"नाही सांगता येणार," ती हसली. "काहून सांगू? दोघांनी मिळून केलं म्हण."

स्वयंपाकाचं मात्र ऐकण्यासारखं आहे. भाचा जेवणात फक्त पांढरं खातो. भात, बटाटा, साखर, बिस्किट. हिरवं ताटात आलं तर ताट जमिनीवर. आहारतज्ज्ञांनी दिलेला छापील तक्ता, पालेभाज्या, सॅलड, मोड आलेले मूग, तिनं फ्रीजला चिकटवला आणि आठवड्यात काढून टाकला. मग एका सकाळी भाजीबाजारात तिच्या लक्षात आलं की मुळा पांढरा असतो. काकडी सोलली की पांढरी. फुलकोबी पांढरी. दुधी भोपळा सालं काढून शिजवला की जवळजवळ पांढरा. ताक पांढरं. अंड्याचा वरचा भाग पांढरा. ज्वारी चांगली असली तर भाकरही पांढरी म्हणून खपते. "त्याला बदलायला गेले तर तो जिंकायचा. मग मीच पांढऱ्यात राहायला शिकले." जेवणाआधी मोठा पेला ताक, मग सोललेली काकडी, मग भाकर आणि दुधी, आणि भात सगळ्यात शेवटी, छोट्या वाटीनं मापून. पूर्वी उलटं होतं.

डब्याला तिनं कुलूप लावलेलं नाही. डबाच घरात ठेवलेला नाही. नवरा संध्याकाळी कामावरून येताना आलूबोंडे आणायचा, ते आता तो कोपऱ्यावरच खाऊन येतो आणि तोंड धुऊन घरात शिरतो. याची तिला कल्पना आहे.

"सगळ्यात जास्त कुठून येत होतं माहीत आहे?" तिनं विचारलं. "शाळेतून. विशेष शाळेत त्यानं एक अक्षर लिहिलं की एक बिस्किट. बटण लावलं की एक. बोलला की चॉकलेटची गोळी. शिकवायची पद्धतच तशी. दिवसाला वीस-पंचवीस व्हायची. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग करेलच कशाला तो? मी आगगाडीच्या चित्रांचा गठ्ठा दिला. आता एका अक्षराला एक डबा. दहा डबे झाले की इंजिन."

आगगाडी हीच त्याची किल्ली. नुसतं चल म्हटलं तर तो हलत नाही. पण बाप त्याला रोज वर्धा स्टेशनवर नेतो, प्लॅटफॉर्म तिकीट काढतो, आणि दोघं पादचारी पुलावरून इकडून तिकडे जातात. गाडी ज्या फलाटावर येणार तिकडे. मुंबई-हावड्याच्या गाड्या, दक्षिणेकडच्या गाड्या. वर्ध्याला गाड्यांची ददात नाही. तासाभरात चार-पाच वेळा जिना होतो. व्यायाम हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. मे महिन्यात मात्र पहाटे साडेपाचलाच. या गोळ्यांनी अंगाला उष्णता सोसत नाही, हे तिला डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. विहिरीच्या कठड्याची ती दुपार मला पुन्हा आठवली.

मी अजून एक मुद्दा काढला, आणि तो वादासाठी नव्हता. "तुझ्याकडे रजिस्टर आहे, काटा आहे, नवरा आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं?"

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला. मग तिच्या अंगणवाडीच्या वस्तीतल्या एका पोरीबद्दल बोलली. पंधरा वर्षांची, मतिमंद, फिट येतात म्हणून व्हॅल्प्रोएट चालू. त्या गोळीनंही भूक वाढते. आई निंदणाला जाते, सकाळी भाताचं भगोणं पोरीपाशी ठेवते आणि बाहेरून कडी लावते. संध्याकाळी भगोणं रिकामं. "तिला काय सांगू मी? मुळा सोलून दे? माझ्या कागदात ती पोरगी नाहीच. माझा काटा सहा वर्षांपर्यंतचा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अठरा वर्षांपर्यंत तपासते खरी, पण ती येते तेव्हा पोरगी शाळेत नसते. तिचं वजन कोणत्याच रकान्यात बसत नाही."

या जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं कधीकाळी सुगीनंतर गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्याचा विमा उतरवला होता. पैसा नाही तर धान्य द्या, पण उपचार घ्या. एवढी साधी, शेतकऱ्याच्या मापाची गोष्ट ज्यांना सुचली, त्यांच्याच शेजारी एका पोरीच्या वजनाला रकाना मिळू नये, हे मला लागलं. बहिणीला विचारलं, मग करतेस काय? म्हणाली, महिन्यातून एकदा काटा घेऊन तिच्या घरी जाते. आकडा चिठ्ठीवर लिहून आईजवळ देते, पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाशील तेव्हा डॉक्टरला दाखव म्हणून. "मागच्या वेळी दाखवली तिनं. डॉक्टरनी रक्त तपासायला सांगितलं."

चहा झाला. गोरसपाकाचा पुडा ओट्यावर तसाच. तिनं तो फोडला, एक बिस्किट काढलं, दोन तुकडे केले. अर्धं ताटलीत भाच्यासमोर, अर्धं माझ्या बशीत. बाकीचा पुडा घडी घालून परत माझ्या शबनममध्ये.

"सणाचं आहे, देते," ती म्हणाली. "पण दर शनिवारी सण नसतो, भाऊ."

तेवढ्यात भाच्यानं कोपऱ्यातला काटा ओढून आणला. तान्ह्या पोळ्यालाही वजन होतं, कारण आज महिन्याची पहिली तारीख होती आणि तारीख चुकलेली त्याला चालत नाही. तो चढला, स्वतःच आकडा वाचला. "अडतीस पॉइंट दोन." आईनं लिहून घेतलं. मग त्यानं माझा हात धरून मला काट्याकडे ओढलं.

मी म्हणालो, माझं कशाला. तो ओढतच राहिला. चढलो.

"सत्त्याऐंशी पॉइंट चार," तो स्टेशनवरच्या आवाजात म्हणाला.

बहीण काही बोलली नाही. रजिस्टर तोंडासमोर धरलं तिनं.

"खांद्यावर पिशवी आहे," मी म्हणालो.

"उतर," भाचा म्हणाला.

पिशवी काढून ठेवली, परत चढलो. शहाऐंशी पॉइंट नऊ. त्यानं खडू घेतला आणि दोन्ही आकडे चौकटीवर लिहिले, त्याच्या रेघांच्या शेजारी, एकाखाली एक.